समुद्रकाठचे दगडी लाडू

"बाई, येताना तिकडचा एक दगड आणा!"

मुलांनो, मे महिन्याच्या सुट्टीत मी न्यूझीलंडला जाणार ही बातमी वर्गात फुटली, तेव्हाची ही गोष्ट. कुणी चॉकलेटं मागितली, कुणी तिकडची नाणी. पहिल्या बाकावरच्या एकानं मात्र दगड मागितला. हा मुलगा दगडवेडाच आहे. त्याच्या दप्तरात पुस्तकं कमी आणि गारगोट्या जास्त. त्याच्या आईची रोज कटकट असते, की दप्तराची शिवण टिकत नाही. मी म्हटलं, "आणीन हं!" बोलायला काय जातं? पण त्या एका शब्दानं मला पुढं चांगलंच अडचणीत टाकलं.

माझी धाकटी बहीण न्यूझीलंडमध्ये डुनेडिन नावाच्या गावात राहते. नकाशात बघा. न्यूझीलंडची दोन मोठी बेटं आहेत. त्यातल्या दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, बरंच खाली, हे गाव सापडेल. मुंबईहून सिंगापूर, तिथून क्राइस्टचर्च आणि मग बसनं साडेतीनशे किलोमीटरच्या वर प्रवास. पोचेपर्यंत माझी पार घुसळण झाली होती. आपल्याकडे उन्हाच्या काहिलीनं अंगाची लाही होत होती आणि तिकडे स्वेटरवर स्वेटर! दक्षिण गोलार्धात मे महिना म्हणजे थंडीची सुरुवात. आणखी एक गंमत. दुपारचा सूर्य तिकडे उत्तरेला दिसतो. त्यामुळं बहिणीच्या घराची उत्तरेकडची खिडकी म्हणजे उन्हाची जागा. मी चौथीच्या मुलांना दिशा शिकवते. पण पहिले दोन दिवस माझ्याच दिशा चुकत होत्या!

एका रविवारी बहीण म्हणाली, "ताई, तुझ्या त्या विद्यार्थ्याचा दगड बघायला जाऊ या. पण ओहोटीच्या वेळी पोचायला हवं." आम्ही दोघी आणि माझी नऊ वर्षांची भाची गाडीत बसलो आणि उत्तरेकडे निघालो. डुनेडिनपासून साधारण ७५ किलोमीटरवर मोएराकी नावाचं कोळ्यांचं लहानसं गाव लागतं. तिथून पुढं हॅम्पडेन गावाच्या बाजूला जो लांबच लांब वाळूचा किनारा आहे, त्याचं नाव कोएकोहे. गाडी लावून वाळूतून दहा मिनिटं चालत गेलो. वारा असा बोचरा, की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून पाहावं लागत होतं.

आणि मग दिसले ते!

वाळूवर गोळे पडले होते. दगडाचे गोळे. काही एकेकटे, काही चार-पाच जणांच्या घोळक्यात. काही अर्धे वाळूत रुतलेले, काही लाटांच्या पाण्यात उभे. कसे म्हणून सांगू? एखाद्या राक्षसिणीनं दिवाळीला लाडू वळायला घेतले, ताटात मांडले आणि कुणी तरी ताटच लवंडलं, असे! गोट्या खेळणाऱ्याला हेवा वाटावा इतके गोल. लहानातला लहान गोळा माझ्या गुडघ्याच्या जरा वर येणारा. मोठे गोळे तर दोन मीटरहून अधिक रुंद, म्हणजे आपल्या वर्गाच्या दारापेक्षाही उंच. असे पन्नासएक गोळे त्या किनाऱ्यावर आहेत. त्यांना मोएराकीचे गोळे म्हणतात.

काहींच्या पाठीवर रेषांची जाळी होती, कासवाच्या पाठीवर असते तशी. भाची म्हणाली, "मावशी, ही डायनोसोरची अंडी आहेत असं मला आधी वाटायचं." मला तर अजूनही वाटत होतं!

तिथले मूळचे रहिवासी म्हणजे माओरी लोक. ते या गोळ्यांची वेगळीच कथा सांगतात. फार फार पूर्वी अराइ-ते-उरू नावाची मोठी होडी लांबच्या समुद्रातून आली आणि या किनाऱ्याजवळ फुटली. होडीत वाम मासे ठेवायच्या टोपल्या होत्या, पाण्यासाठी भोपळ्याचे तुंबे होते आणि रताळी होती. ते सगळं सामान लाटांबरोबर वाहत किनाऱ्याला लागलं आणि त्याचेच हे गोळे झाले. पाठीवरची जाळी म्हणजे होडीतली मासेमारीची जाळी. जवळच्या शॅग पॉइंट नावाच्या टोकापासून समुद्रात एक खडकांची रांग गेलेली आहे. ती त्या होडीचा सांगाडा. पाहा, कथेत एकही वस्तू वाया गेलेली नाही. दूरच्या प्रवासाला निघालेल्या माणसांनी बरोबर काय काय घ्यायचं, त्याची यादीच त्यात आहे! मला ही कथा फार आवडली. रताळं तर आपल्या उपासाचं. माओरी त्याला 'कुमारा' म्हणतात.

आता शास्त्रज्ञ काय सांगतात ते ऐका. तेही कथेपेक्षा काही कमी नाही.

सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी ही जागा समुद्राच्या तळाशी होती. तळावर मऊ चिखल साचत होता. त्या चिखलात शिंपले, मेलेले जीव, पानाकाड्यांचे तुकडे पुरले जात होते. आता राजगिऱ्याचा लाडू कसा होतो आठवा. राजगिरा नुसता मुठीत धरला तर सुटून जातो. त्यात गुळाचा पाक घातला की दाणे एकमेकांना धरून बसतात. समुद्राच्या चिखलात हा पाक होता कॅल्साइट नावाच्या खनिजाचा. कॅल्साइट तुम्ही रोज बघता बरं का! कोंबडीच्या अंड्याचं टरफल त्याचंच असतं. पाणी तापवायच्या भांड्यात आतून जो पांढरा थर धरतो, त्यातही बहुतेक तोच असतो. चिखलातल्या पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम एका जागी हळूहळू जमत गेलं, त्याचं कॅल्साइट झालं आणि त्यानं आजूबाजूचे चिखलाचे कण घट्ट चिकटवून टाकले. अशा चिकटलेल्या ढेकळाला आपण गाठ म्हणू. गाठीवर पाकाचा नवा थर, त्यावर आणखी थर, अशी ती सगळ्या बाजूंनी सारखी वाढत गेली. सगळीकडून सारखीच वाढ, म्हणून ती गोल झाली.

किती हळू वाढली असेल? दोन मीटरचा एक गोळा व्हायला चाळीस ते पंचावन्न लाख वर्षं लागली असावीत, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. मी तिथं वाळूवर काडीनं गणित मांडलं. दोन मीटर रुंद गोळा म्हणजे मधल्या बिंदूपासून कडेपर्यंत एक मीटर, म्हणजे एक हजार मिलिमीटर. वर्षं धरली चाळीस लाख. तर एक मिलिमीटर वाढायला लागली चार हजार वर्षं! पट्टीवरचा एक मिलिमीटर बोटानं झाका आणि चार हजार वर्षं म्हणजे किती, याचा विचार करा. माझं तर डोकंच चालेना. भाची शांतपणे म्हणाली, "म्हणजे माझ्या शाळेच्या प्रोजेक्टपेक्षाही हळू."

तुमच्या मनात एक शंका आली असेल. आपल्याकडेही डोंगरात गोल गोल दगड दिसतात की! सह्याद्रीत घाटाचा रस्ता खोदलेला असतो, तिथं कडेला मोठाले काळे गोल दगड दिसतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतात. मीही बहिणीला तेच म्हटलं. पण इथं फरक आहे आणि तो मोठा आहे. आपला काळा दगड म्हणजे ज्वालामुखीचा थंड झालेला लाव्हा. त्याच्या आधी फटी पडल्या, चौकोनी ठोकळे झाले. मग ऊन-पावसानं त्यांचे कोपरे झिजवले, पापुद्रे काढले आणि ते गोल झाले. म्हणजे आपले दगड बाहेरून सोलून गोल झालेले, तर मोएराकीचे आतून वाढून गोल झालेले. आणि वेळ बघा कशी जुळते! दख्खनच्या पठाराचा मोठा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला. तो थंड होऊन काही काळ लोटला आणि मग तिकडे समुद्राखालच्या चिखलात हे लाडू वळायला सुरुवात झाली. त्या वेळी ना आपण होतो, ना माओरी, ना त्यांची होडी.

पुढं तो चिखल दबून दबून खडक झाला, जमीन वर उचलली गेली आणि समुद्राच्या लाटा त्या खडकावर आदळू लागल्या. चिखलाचा खडक ठिसूळ, तो धुपून गेला. गोळे कडक, ते राहिले. किनाऱ्याला लागूनच मातकट रंगाचा उतार आहे. तिथं एक गोळा अर्धा बाहेर, अर्धा आत असा दिसला. आईच्या पदराआडून मूल डोकावतं ना, अगदी तसा. तो पूर्ण बाहेर यायला अजून किती पावसाळे लागतील कोण जाणे.

थोडं पुढं गेलो तर एक फुटलेला गोळा पडलेला. आणि त्याच्या आत पाहिलं मात्र, मी थंडी विसरले!

बाहेरून हा दगड राखाडी, मातकट, अगदी साधा. आतून मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. मधोमध पोकळी, तिच्यातून सगळ्या दिशांना गेलेल्या भेगा, आणि त्या भेगांत पिवळे, मधाच्या रंगाचे स्फटिक. सूर्य ढगाआडून बाहेर आला की ते लुकलुकत. पिवळ्याच्या कडेनं तपकिरी रेघ, जणू कुणी पेन्सिलनं आखून घेतलेली. अशा भेगा असलेल्या गाठींना 'सेप्टेरियन' गाठी म्हणतात. लॅटिन भाषेत सेप्टम म्हणजे पडदा, आडभिंत. आपल्या नाकाच्या दोन भोकांमध्ये जो पडदा असतो, त्यालाही डॉक्टर सेप्टमच म्हणतात. गाठीच्या आत स्फटिकांच्या अशाच आडभिंती असतात, म्हणून हे नाव.

या भेगा कशा पडल्या? इथं जरा थांबा, कारण इथं कोडं आहे. उन्हाळ्यात तळं आटलं की तळाच्या चिखलाला भेगा पडतात. त्या वर रुंद असतात आणि खाली निमुळत्या होत जातात, कारण चिखल वरून वाळतो. या गोळ्यातल्या भेगा मात्र मधोमध सगळ्यात रुंद आणि बाहेर येता येता बारीक होत जाणाऱ्या. अगदी उलट! म्हणजे बाहेरची कड आधी कडक झाली आणि आतला भाग नंतर फाटला, आकसला. पण तो का आकसला? कुणी म्हणतं, आतल्या चिखलातलं पाणी निघून गेलं. कुणी म्हणतं, सडणाऱ्या जीवांचा वायू आत कोंडला आणि त्यानं फाडलं. कुणी वरच्या गाळाच्या दाबाला कारण धरतं, तर कुणी भूकंपाच्या हादऱ्यांना. शास्त्रज्ञांचं यावर अजून एकमत झालेलं नाही. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी हे कोडं सोडवलं तर मला जरूर कळवा.

भेगा भरल्या कशा, याचा उलगडा मात्र झाला आहे. समुद्र मागं हटला तेव्हा पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरत त्या खडकापर्यंत पोचलं. त्या पाण्यातून भेगांच्या भिंतींवर आधी तपकिरी कॅल्साइट बसलं आणि त्यानंतर पिवळं. क्वचित एखाद्या गोळ्यात शेवटचा अगदी पातळ थर डोलोमाइट आणि क्वार्ट्झ या खनिजांचा असतो. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी हो! आपल्याकडच्या काळ्या दगडातही पोकळ्यांत असेच स्फटिक सापडतात. पण त्या पोकळ्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या. इकडे बुडबुडे, तिकडे भेगा. पाण्याला काय, रिकामी जागा दिसली की ते आपलं काम सुरू करतं.

तर या फुटक्या गोळ्याच्या पायाशी, वाळूत, एक तुकडा पडला होता. लिंबाएवढा. एका बाजूला राखाडी दगड आणि दुसऱ्या बाजूला पिवळे स्फटिक, खडीसाखरेसारखे.

खोटं कशाला सांगू? मी इकडंतिकडं पाहिलं आणि तो तुकडा उचलून पर्समध्ये टाकला. मनात म्हटलं, फुटलेलाच तर आहे. मी काही फोडला नाही. आणि शब्द दिलाय ना मी वर्गात!

वीस-पंचवीस पावलं गेलो असू. भाची म्हणाली, "मावशी, इथून काही न्यायचं नसतं. कायदा आहे." मी म्हटलं, "अगं, एवढासा तर आहे." त्यावर तिनं तिच्या शाळेत सांगितलेली गोष्ट मला सांगितली. १८४८ साली मँटेल नावाच्या एका गृहस्थांनी या किनाऱ्याचं चित्र काढलं होतं. ते चित्र आज वेलिंग्टनच्या एका मोठ्या ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. त्या चित्रात आजच्यापेक्षा कितीतरी जास्त गोळे दिसतात. मग बाकीचे गेले कुठं? जे उचलता येण्यासारखे होते, ते लोकांनी उचलून नेले. कुणी आठवण म्हणून, कुणी बागेत शोभेला. आज जे उरलेत ते मुख्यतः कुणाला उचलता आले नाहीत म्हणून!

मी पुढं चालत राहिले. पण पर्स जड वाटू लागली. माझ्या वर्गात त्रेचाळीस मुलं आहेत. एकाला दिला तर बाकीच्यांना का नाही? त्रेचाळीस जणांनी एकेक गोळा नेला तर पन्नासातले उरले सात. मग शेजारची तुकडी कुठं जाणार? मी रोज मुलांना वजाबाकी शिकवते, ती तिथं माझ्याच मानगुटीवर बसली. मुकाट्यानं मागं गेले आणि तुकडा होता तिथं ठेवला. बहीण हसत होती. मला मात्र हसू येत नव्हतं. आता वर्गाला काय देऊ?

शेवटी गाडीत सुतळीचं एक बंडल सापडलं. बहिणीच्या घरी पावट्याचे वेल बांधायचं. मी एक मोठासा गोळा निवडला. आधी आम्ही तिघींनी हात धरून त्याला मिठी घालून पाहिली. छे! निम्म्याहून थोडंच जास्त झालं. जवळच एक वयस्कर गोरे आजोबा-आजी फिरत होते. आमची धडपड पाहून आजोबा आले. चौघांनीही पुरेना, वीतभर कमीच. मग आजीही आल्या आणि कडं पूर्ण झालं! पाच जण, दोन देश आणि मध्ये एक दगड. आजोबांनी फोटो काढायचा म्हटलं तर काढणार कोण? सगळ्यांचेच हात गुंतलेले!

मग गोळ्याच्या मध्यावरून सुतळी फिरवली, जिथं टोकं जुळली तिथं गाठ मारली आणि तेवढा तुकडा कापून घेतला. घरी आल्यावर मोजला. सहा मीटर चाळीस सेंटीमीटर. मोठ्या वर्गातल्या मुलांनो, याला ३.१४ नं भागा, म्हणजे गोळ्याची रुंदी मिळेल.

डुनेडिनला परतल्यावर एका दुकानाच्या काचेआड मला ओळखीचा रंग दिसला. तेच पिवळे स्फटिक, तीच तपकिरी रेघ, तोच राखाडी दगड. पण आरशासारखा गुळगुळीत. पाटीवर लिहिलं होतं 'मादागास्कर'. सेप्टेरियन गाठी जगात बऱ्याच ठिकाणी सापडतात. शोभेच्या दगडांच्या बाजारात आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरच्या आणि अमेरिकेत युटाहच्या दक्षिण भागातल्या गाठींना फार मागणी असते. हिऱ्याची पूड लावलेल्या करवतीनं त्या कापतात, घासून घासून चमकवतात आणि त्यांची अंडी, वाट्या, चेंडू, पुस्तकं टेकवायचे ठोकळे बनवतात. एकच गाठ मधोमध कापली की दोन्ही अर्ध्या भागांवर सारखीच नक्षी, फक्त आरशात पाहिल्यासारखी उलटी. पण दुसऱ्या गाठीत तीच नक्षी पुन्हा कधी मिळणार नाही. कापेपर्यंत आत काय आहे हे कारागिरालाही ठाऊक नसतं. कधी भेगा पूर्ण भरलेल्या, कधी मध्ये गुहेसारखी पोकळी. कलिंगड लाल निघेल की पांढरं, तसाच प्रकार!

विक्रेत्यांनी या दगडाला नावंही झकास दिली आहेत. कुणी 'ड्रॅगन स्टोन' म्हणतं, कुणी 'कासव-दगड'. तो जवळ ठेवला की अमुक होतं आणि तमुक होतं, असंही काही जण सांगतात. तुम्ही ते मनावर घेऊ नका. दगड सुंदर आहे, एवढं त्याला पुरे. अंगठीसाठी मात्र तो कामाचा नाही. कॅल्साइट फार मऊ. गारगोटीनं काचेवर ओरखडा निघतो, कॅल्साइटनं निघत नाही. उलट चाकूचं टोक लागलं तर त्याच्यावरच ओरखडा उठतो. मोठ्या माणसांसाठी एक सूचना. घरात असा दगड असेल तर तो पितळेच्या समईसारखा चिंच-लिंबानं घासू नका. आंबटानं कॅल्साइट विरघळतं, चकाकी कायमची जाईल.

याच गाठी इंग्लंडमध्ये एके काळी कपाटात नव्हे, भट्टीत जात असत. टेम्स नदीच्या मुखाजवळ शेपी नावाचं बेट आहे. तिथल्या गाठी भाजून, दळून जेम्स पार्कर नावाच्या माणसानं एक सिमेंट तयार केलं आणि १७९६ साली त्याचं पेटंट घेतलं. ते ओल्यातही झटकन घट्ट होई. चिखलाला धरून ठेवणं हे या गाठीचं जन्मापासूनचंच काम, नाही का?

मी त्या दुकानातून तळहाताएवढी एक चकती विकत घेतली. मोएराकीची नव्हे, मादागास्करची. हे मी वर्गात आधीच सांगून टाकायचं ठरवलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. चकती एका हातातून दुसऱ्या हातात फिरली. आमचा दगडवेडा ती उजेडासमोर धरून बराच वेळ बघत होता. पिवळ्या भागातून थोडा उजेड आरपार येतो, हा शोध त्याचाच. मग त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही जिथं गेलात तिथला कुठाय?" मी पर्समधल्या तुकड्याची सगळी हकिकत सांगितली. वर्गात एकदम शांतता. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही चोरी केली होती?" मी म्हटलं, "वीस पावलं केली होती."

तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा उतरला होता, हे मला दिसत होतं. मग मी सुतळी काढली. सगळ्यांना मैदानात नेलं, गोल धरायला लावला आणि चुन्याच्या फक्कीनं रेघ आखली. "हा त्याचा घेर," मी म्हटलं. मुलं आत शिरली. मांडी घालून अकरा जण मावले, बारावा कडेवर. "आणि उंची?" दगडवेड्यानं विचारलं. मी व्हॉलीबॉलच्या खांबावर खडूनं दोन मीटरची खूण केली. तो खांबाजवळ गेला, मान वर करून खुणेकडे पाहिलं, मग गोलाकडे पाहिलं. पुन्हा खुणेकडे. "बाई," तो म्हणाला, "हा दप्तरात बसला नसता."

दुसऱ्या दिवशी त्यानं घरून चिखलाचे सात गोळे करून आणले आणि खिडकीत वाळत ठेवले. त्यांना भेगा पडल्या, पण बाहेरून. आतून भेगा पडाव्यात म्हणून तो अजून प्रयत्न करतो आहे. एक गोळा त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळला आहे, एकावर मेण फासलं आहे. वर्गाची खिडकी सध्या त्याच्याच ताब्यात असते.

सुतळी मी फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे. परवा दुसऱ्या तुकडीला गोल दाखवायचा म्हणून काढली, तर घेर लहान वाटला. मोजून पाहिली. पाच मीटर पासष्ट सेंटीमीटर! कुणी तरी भोवऱ्यासाठी पाऊण मीटर कापून नेली आहे. चौकशी चालू आहे.